दिवाळीनंतर बाक रिकामे का होतात? विदर्भातल्या तालुका कॉलेजांत विज्ञान-अभियांत्रिकी शिकवायला लागलेल्या नव्या शिक्षकांसाठी

तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलात की पहिल्या वर्षाचा वर्ग तुमच्याच गळ्यात पडणार. जुने लोक तिसरं-चौथं वर्ष घेतात. एम-वन (पहिल्या सत्राचं गणित), फिजिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल नव्याकडे येतं. मीही असाच लागलो होतो. पहिल्या सत्रात हजेरीपटावर ६२ नावं होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ४१ पोरं आली. मला वाटलं, सुट्टी लांबली असेल, कापूस निघतोय. जानेवारीत कळलं की नऊ जण पुन्हा येणारच नाहीत.

त्या नऊंपैकी खरोखर अभ्यास झेपला नाही म्हणून गेलेले तीन. एकाच्या गावची सकाळची एस.टी. बंद झाली होती. एका पोरीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म एका दाखल्यावाचून अडला होता. दोघे पोलीस भरतीच्या अकादमीत गेले. एकाचे वडील अंथरुणाला खिळले होते. आणि एक जण का गेला हे मला आजही माहीत नाही.

जुना हजेरीपट काढून बसलो तेव्हा दिसलं की सगळ्यांची घसरण सप्टेंबरातच सुरू झाली होती. एक प्रॅक्टिकल चुकलं. मग जर्नल राहिलं. जर्नल नाही म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला यायची लाज. तिसऱ्या आठवड्यात पोरगा बस स्टँडवर उतरतो, पण कॉलेजपर्यंत येत नाही. हे सगळं माझ्यासमोर घडत होतं आणि मी फळ्याकडे तोंड करून डेरिव्हेशन लिहीत होतो.

पुढे जे लिहिलंय ते त्यानंतरच्या वर्षांत चुकतमाकत जमलेलं आहे. त्यात मोबाइल आहे, संगणक आहे, पण त्यांच्याकडून मी एकच काम मुख्यतः करून घेतो: कोण गप्प झालंय ते त्याच आठवड्यात कळलं पाहिजे. त्यापुढचं काम माणसानेच करायचं असतं.

पायरी १ : पहिल्या आठवड्यात एक कागद भरून घ्या

गूगल फॉर्म नको. अर्ध्या पोरांकडे घरातला सामाईक मोबाइल असतो, आणि फॉर्मवर पोरं शेजाऱ्याला विचारून ‘बरोबर’ उत्तर टाकतात. कोरा कागद द्या, वीस मिनिटं द्या, आणि हे विचारा: गाव कोणतं, सकाळची एस.टी. किती वाजता, शेवटची परतीची किती वाजता. मोबाइल स्वतःचा की घरचा. घरी रेंज कुठे येते (अंगणात, गच्चीवर, की नाक्यावर जावं लागतं). दहावीपर्यंत माध्यम कोणतं. अकरावी-बारावीला प्रॅक्टिकल खरोखर केली का. घरी शेती आहे का, कोणतं पीक, कोणत्या महिन्यात घरचे तुम्हाला थांबवतात. घरात कॉलेज पाहिलेलं तुमच्याआधी कोण. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी यांपैकी काय हातात आहे आणि काय तहसीलमध्ये किंवा समितीकडे पडून आहे.

प्रॅक्टिकलच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळावं म्हणून मी आधीच सांगून टाकतो की याला मार्क नाहीत आणि तुमच्या जुन्या कॉलेजची मी चौकशी करणार नाही. मग चित्र दिसतं. बारावी सायन्स झालेल्या कित्येकांनी व्हर्निअर कॅलिपर हातात धरलेलं नसतं. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, पोरगा दिवसभर ट्यूशनला, आणि प्रॅक्टिकलची वही सीनियरची उतरवलेली. त्यांना ‘हे तर तुम्हाला येतंच’ म्हणून आपण पुढे गेलो की पहिला धागा तिथेच तुटतो.

अभियांत्रिकीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रवेश कॅप राउंडने, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनी होतात. शेवटच्या फेरीतली पोरं वर्ग सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर येतात. दुसऱ्या वर्षाला थेट येणारी डिप्लोमाची पोरंही तशीच उशिरा. वर्कशॉपमध्ये ती बाकीच्यांना शिकवतील इतकी तयार असतात, पण एम-थ्री त्यांना खाऊन टाकतं. या दोन्ही गटांचे कागद वेगळे ठेवा. गळतीत त्यांची नावं आधी येतात.

पायरी २ : भाषेचा अडथळा पहिल्या पंधरवड्यात मोडा

दहावीपर्यंत त्वरण, संवेग, विभवांतर शिकलेलं पोरगं अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम, पोटेन्शियल डिफरन्स ऐकून गप्प बसतं. त्याला विषय येत नाही असं नसतं. त्याला नाव ओळखू येत नाही. मी प्रत्येक धड्याआधी फळ्याच्या उजव्या कडेला दहा-बारा शब्दांच्या जोड्या लिहितो आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. परीक्षा इंग्रजीत लिहायची आहे, म्हणून इंग्रजी शब्द टाळायचा नाही. मराठीच्या शेजारी बसवायचा.

दुसरी गोष्ट आवाजाची. कठीण मुद्द्यावर पाच मिनिटांचा ऑडिओ आपल्या बोलीत रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक एमबीच्याही आत बसतो. तेवढ्याच वेळाचा बरा व्हिडिओ चाळीस-पन्नास एमबी खातो. नाक्यावर उभं राहून रेंज पकडणाऱ्या पोरासाठी हा फरक मोठा आहे. मी वऱ्हाडीत बोलतो. सुरुवातीला सहकारी हसले. ‘आता हा पॉइंट काहून महत्त्वाचा हाय ते ऐका’ असं सुरू झालेलं पोरं शेवटपर्यंत ऐकतात, आणि कापूस वेचतानाही ऐकतात, हे मला एका पोरीच्या आईने सांगितलं.

संगणकाच्या विषयांसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल वापरा. सी, पायथन, सायलॅब, लिनक्स अशा विषयांचे छोटे धडे आहेत, बरेचसे मराठी आवाजातही. एका खिडकीत धडा, शेजारच्या खिडकीत स्वतः टाइप करायचं, अशी त्याची रीत आहे. धडे आधी उतरवून लॅबच्या संगणकांवर ठेवा. नेटच्या भरवशावर बसू नका.

एनपीटीईएलची ऑनलाइन व्हिडिओ व्याख्यानं उत्तम आहेत, २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी ती तयार करतात. पण चाचपडणाऱ्या पहिल्या वर्षाच्या पोराला तिकडे पाठवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला गोसीखुर्दच्या धरणात सोडणं. तिसऱ्या वर्षाला पाठवा.

पायरी ३ : वर्गात असं काही करा की प्रत्येकाला उत्तर द्यावंच लागेल

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घालवा.

२०१४ साली अमेरिकेत विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांमध्ये नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के निघालं, वर्गात काहीतरी करायला-बोलायला लावलेल्यांमध्ये सुमारे २२ टक्के. तिथलं कॉलेज आणि आपलं कॉलेज सारखं नाही, हे मान्य. पण शंभरातली बारा पोरं हा आकडा मी माझ्या ६२ च्या पटावर मांडून पाहिला आणि झोप उडाली.

यासाठी मी वापरतो ती पद्धत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ च्या सुमारास रुळवली. एक संकल्पनेचा प्रश्न टाकायचा, चार पर्याय द्यायचे, प्रत्येकाने गुपचूप मत द्यायचं. तीस टक्क्यांहून कमी बरोबर आले तर पुन्हा शिकवायचं. सत्तरच्या वर आले तर पुढे जायचं. मधे आले तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटं वाद घालू द्यायचा आणि परत मत घ्यायचं. वाद मराठीत होतो, आणि तिथेच पोरं शिकतात.

माझा आवडता प्रश्न बैलगाडीचा. बैल गाडीला जेवढ्या जोराने ओढतो, तेवढ्याच जोराने गाडी बैलाला मागे ओढते. मग गाडी पुढे जाते कशी? अ) बैलाचा जोर थोडा जास्तच असतो. ब) गाडीची उलट ओढ जरा उशिरा लागते. क) बैलाच्या खुरांना जमीन पुढे ढकलते. ड) गाडीला चाकं असतात म्हणून. पहिल्या फेरीत ‘अ’ ला पूर येतो. ज्यांनी बैल हाकलेत, पोळ्याला सजवलेत, तीच पोरं सगळ्यात ठामपणे ‘अ’ म्हणतात. मग कुणीतरी मागून विचारतं, ‘चिखलात गाडी फसली का बैल घसरते ना बे, मंग जोर कुठी जाते?’ तिथून वर्ग ‘क’ कडे सरकतो. बैलाचं आणि गाडीचं एकमेकांवरचं बल दोन वेगळ्या वस्तूंवर लागतं. दोघांना मिळून पुढे नेतं ते खुरांखालचं घर्षण, हे मग दोन वाक्यांत सांगून होतं.

मत घ्यायला यंत्र लागत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय चार रंगांचे कागद. त्याहून बरं म्हणजे प्लिकर्सची कार्डं: प्रत्येकाकडे एक चौकोनी कार्ड, ज्या बाजूने वर धरलं ते त्याचं उत्तर. मोबाइल फक्त तुमच्याकडे हवा. कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट जमा होतं. कार्डं जाड कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड पडला की कॅमेऱ्याला दिसत नाही. मी पहिल्या वर्षी हौसेने लॅमिनेट करून पैसे वाया घालवले.

नावासकट जमा होतं, यातच त्याची खरी कमाई आहे. हात वर करायला सांगितलं तर नेहमीचे सहा हात वर येतात. कार्डांत, कधीच न बोलणारी तिसऱ्या बाकावरची पोरगी सलग चार तास बरोबर उत्तर देते हेही दिसतं, आणि पुढच्या बाकावरचा हुशार वाटणारा पोरगा शेजाऱ्याचं कार्ड बघून वळवतो हेही. कोण गप्प झालंय ते इथूनही कळतं.

प्रयोगांसाठी तीन गोष्टी हाताशी ठेवा. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स: २००२ मध्ये नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत मिळतात, फाइल उतरवली की नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालते. सर्किटचं सिम्युलेशन पेनड्राइव्हमध्ये घेऊनच फिरा. दुसरं, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या व्हर्च्युअल लॅब्ज. ज्याचं प्रॅक्टिकल चुकलं त्याला पुढच्या आठवड्याआधी प्रयोग ‘पाहून’ यायला त्या बऱ्या. खऱ्या प्रयोगाच्या जागी लावू नका. लॅबमधला खराब मल्टिमीटर दुरुस्त न करण्याचं निमित्त म्हणून तर मुळीच नको.

तिसरं माझं लाडकं. फायफॉक्स नावाचं अ‍ॅप, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने बनवलेलं. मोबाइलमधले सेन्सर वापरून प्रवेग (म्हणजे त्वरणच), आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजतं, आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही. चार पोरांत एक मोबाइल पुरतो. मी पहिल्या महिन्यात काम देतो: एस.टी.त मोबाइल सीटवर सपाट धरून गाव ते कॉलेज प्रवेगाचा आलेख आणा. कुठे ब्रेक मारला, कुठे खड्डा आला, कुठे ड्रायव्हरने ओव्हरटेक केला, हे पोरं आलेखावर बोट ठेवून सांगतात. खड्डे इतके असतात की ‘सर, हा ग्राफ हाय का करवतीचे दात?’ असंही एकाने विचारलं. अ‍ॅपमधलं आवाजाने चालणारं घड्याळ वापरून मुक्त पतनाचा प्रयोगही होतो: एक मीटर उंचीवरून वस्तू पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, त्यावरून जी (गुरुत्व त्वरण) काढायचा. उपकरणाचा खर्च शून्य.

स्मार्ट बोर्डबद्दल विचाराल तर, असेल तर वापरा. एका कॉलेजात मी असा बोर्ड पाहिलाय ज्यावरचं प्लास्टिक फक्त तपासणीची समिती येणार असली की निघतं. आणि वीज गेल्यावर तास कसा चालेल, हे ठरवल्याशिवाय प्रोजेक्टरवर विसंबून वर्गात शिरू नका.

पायरी ४ : व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढण्याआधी जरा थांबा

मूडल किंवा गूगल क्लासरूमसारखं ऑनलाइन वर्गाचं साधन कॉलेजने दिलं असेल तर नोट्स आणि असाइनमेंट तिथे ठेवा. पण पोरं असतात व्हॉट्सअ‍ॅपवर. ग्रुप काढला की साठ जणांना पोरींचे नंबर मिळतात. त्या महिन्यात दोन-तीन पोरी नंबर बदलतात किंवा घरचे मोबाइल काढून घेतात. मी हे होताना पाहिलंय. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ते वापरा. ब्रॉडकास्ट लिस्टही चालते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो आणि मर्यादा २५६ ची. म्हणून पहिल्याच तासाला सगळ्यांना समोर बसवून नंबर सेव्ह करायला लावा. रात्री नऊनंतर काही टाकू नका.

पायरी ५ : सोमवारचा तक्ता

अटलांटातलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०१२ पासून विद्यार्थ्यांच्या आठशेहून अधिक धोक्याच्या खुणांवर संगणकाने रोज नजर ठेवतं आणि खूण दिसली की सल्लागार विद्यार्थ्याला गाठतो. आपल्याला आठशे लागत नाहीत. साठ पोरांसाठी मला पाच पुरल्या:

सलग दोन प्रॅक्टिकलला गैरहजर. जर्नल दोन आठवडे मागे. पहिल्या चाचणीत एम-वन किंवा फिजिक्सला दहाच्या आत (वीसपैकी). शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकलेला. विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म मुदतीच्या चार दिवस आधीपर्यंत न भरलेला.

शेवटची खूण सगळ्यात पक्की. हजेरी कमी असलेला पोरगा परत येऊ शकतो. परीक्षा फॉर्म न भरणाऱ्याने मनातून कॉलेज सोडलेलं असतं.

एक साधी एक्सेल शीट, पाच रकाने, सोमवारी दुपारी अर्धा तास. दोन खुणा दिसल्या की त्याच दिवशी फोन. शीट ड्राइव्हवर असेल तर कुणाकुणाला उघडते ते तपासा. त्यात जात, उत्पन्न, घरचं दुखणं लिहू नका. ते तुमच्या डायरीत. एकदा माझ्या तक्त्यातली ‘लाल’ यादी लॅबच्या संगणकावर उघडी राहिली आणि पोरांनी वाचली. यादीतल्या एका पोराला आठवडाभर ‘लाल’ म्हणून हाक मारत होते.

चाचणी लवकर घ्या, चौथ्या आठवड्यात. आठव्या आठवड्यात घेतली तर निकाल लागेपर्यंत सोयाबीन निघालेलं असतं.

पायरी ६ : फोन कसा करायचा, बोलायचं काय

पहिला फोन वडिलांना नको. ‘तुमचा मुलगा कॉलेजात येत नाही’ हे वाक्य घरात गेलं की पोरगा दुसऱ्या दिवशी अकोल्याला किंवा पुण्याला कामाला निघतो. पहिला फोन त्यालाच. पोरीच्या बाबतीत सहकारी मॅडमकडून फोन करा, आणि मोबाइल घरचा असेल तर उचलणाऱ्याला ‘जर्नलवर सही राहिली आहे’ एवढंच सांगा. ते खरंही असतं.

‘काहून आला नाही?’ ने सुरुवात केली की उत्तर ठरलेलं: ‘तब्येत बरी नव्हती सर.’ माझं पहिलं वाक्य असतं, ‘गुरुवारी तुझं टेबल रिकामं होतं, तुझा पार्टनर एकट्याने रीडिंग घेत होता.’ मग थांबायचं. पुढचं तो बोलतो.

भेट स्टाफरूममध्ये नको. तिथे चार जण ऐकतात आणि पाचवा सल्ला देतो. कँटीनच्या मागचा कडुनिंब, लॅबचा कोपरा, नाहीतर बस स्टँडवर त्याची गाडी येईपर्यंतची वीस मिनिटं. मी तीनच गोष्टी विचारतो: सध्या दिवस कसा जातो? कोणता विषय उघडावासा वाटत नाही? या महिन्यात कोणती एक गोष्ट सुटली तर जरा मोकळं वाटेल?

एका पोराने तिसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं, ‘सर, जर्नल.’ सात प्रयोग मागे होते. मी त्याला सांगितलं, आधी कालचा लिही, जुने नंतर. आठवड्याला एक जुना. तो अडकला होता तो सातच्या ढिगामुळे. एक-एक करून नोव्हेंबरात संपले.

जे कधी बोलायचं नाही ते असं: ‘झेपत नसेल तर बी.ए. कर.’ ‘तुझ्या बॅचला असंच असते.’ ‘मेकॅनिकलला आता स्कोप नाही.’ पोलीस भरतीच्या नादाला लागलेल्याला ती सोड म्हणू नका, तो सोडणार नाही. सकाळच्या धावण्यानंतर कोणते तास जमतील ते त्याच्यासोबत बसून ठरवा. डिग्री हातात असली तर पुढे पीएसआयची परीक्षा देता येते, हे त्याला माहीत नसतं.

यवतमाळ, अमरावती, बुलडाण्याच्या पट्ट्यात काही घरांत वडील कर्जापायी गेलेले असतात. वर्गात तो विषय उदाहरणादाखलसुद्धा काढू नका. पोरगं झोपत नाही, जेवत नाही, निरोपाचं बोलतं असं वाटलं, तर ते तुमच्या एकट्याचं काम नाही. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते. नंबर द्या, तिथेच बसून लावून द्या, आणि घरच्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच दिवशी कळवा.

पायरी ७ : कागद आणि पैसा

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि सगळ्यात जास्त पोरं गळण्यापासून इथेच वाचतात. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) फॉर्म सुरू झाले की दोन शनिवार संगणक लॅब उघडी ठेवा. सीनियर पोरं फॉर्म भरायला बसवा; सायबर कॅफेवाला शंभर-दोनशे घेतो आणि चुकीचा अभ्यासक्रम निवडून देतो.

नावं तोंडपाठ ठेवा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. अनुसूचित जाती-जमातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांसाठी स्वाधार, आदिवासी पोरांसाठी स्वयम. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरतं. ही गोष्ट गावात अजून पुष्कळांना ठाऊक नाही. भाऊ आणि बहीण दोघांपैकी एकालाच शिकवायचं असं घरात ठरत असेल तर हे आई-वडिलांना जाऊन सांगा.

पैसे ‘आले नाहीत’ म्हणणाऱ्या पोराचं आधार कोणत्या खात्याशी जोडलंय ते आधी बघा. दोन खाती असली तर रक्कम शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते बऱ्याचदा दहावीत उघडलेलं, पासबुक हरवलेलं खातं असतं. एस.टी.च्या विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत असते; पास काढायला कॉलेजचा शिक्का लागतो, तो पहिल्याच आठवड्यात एकगठ्ठा मारून घ्या.

पायरी ८ : शेताचं वेळापत्रक कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी टांगा

वऱ्हाडात ऑक्टोबरात सोयाबीन, त्यामागोमाग कापसाची वेचणी, ती थेट जानेवारीपर्यंत. भंडारा-गोंदियाकडे जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, नोव्हेंबरात कापणी. गडचिरोलीत मार्च-एप्रिलचा मोह आणि मे महिन्यातला तेंदूपत्ता. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, मग घरचं पोरगं थांबतं. आपण त्याला ‘अनियमित’ म्हणतो.

मी आधी भांडायचो. आता आधीच ठरवून घेतो. पोरगा येऊन सांगतो, ‘सर, पुढच्या आठवड्यात चार दिवस सोंगणी हाय.’ सांगितलं की त्याला तीन ऑडिओ, एक गणितांचा कागद आणि परतल्यावर प्रॅक्टिकल भरून काढायची तारीख मिळते. न सांगता गेला तर काही मिळत नाही. पहिल्या वर्षी चार जणांनी सांगितलं, पुढच्या वर्षी एकोणीस. हजेरी ७५ टक्क्यांची अट कागदावर तशीच राहते, पण ‘गेला’ आणि ‘येणार आहे’ यांतला फरक मला सोमवारच्या तक्त्यात दिसतो. चाचणी सोयाबीनच्या आठवड्यात न ठेवणं हे तर विभागप्रमुखांच्या हातातलं आहे. एकदा बोलून बघा. झाडीपट्टीत (भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे) शिकवत असाल तर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि रात्रभराची नाटकं असतात, तेव्हा सकाळी आठचं लेक्चर कशाला ठेवता?

पायरी ९ : एम-वन, एटीकेटी आणि योग्य सीनियर

एटीकेटीचा (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात जाता येण्याचा) नियम पहिल्या महिन्यातच फळ्यावर लिहून समजवा. अमरावती, नागपूर, गडचिरोलीचं गोंडवाना, लोणेरेचं तांत्रिक विद्यापीठ: विद्यापीठ बदललं की नियम बदलतो, आणि पोरं शेजारच्या कॉलेजच्या मित्राचा नियम आपला समजून बसतात. दोन विषय राहिले म्हणजे इयर डाउन झालं, वर्ष वाया गेलं असं समजून घरी बसलेली पोरं मी परत आणली आहेत.

शिकवायला सीनियर निवडताना टॉपर घेऊ नका. दुसऱ्या प्रयत्नात एम-वन काढलेला, त्याच तालुक्यातला, त्याच एस.टी.ने येणारा घ्या. त्याला कुठे अडतं ते माहीत असतं, आणि गाडीत तासभर दोघं सोबत असतात.

पायरी १० : तरीही कुणी निघालाच तर

निघतील काही. त्यांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवण्यात हातभार लावू नका. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत असं यूजीसीने २०१८ मध्येच बजावलंय. तुमच्याकडे क्रेडिट बँक (पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स जमा ठेवणारी सरकारी ऑनलाइन नोंद) लागू असेल तर मिळवलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत त्याच्या खात्यावर राहतात, हे त्याला आणि वडिलांना समोर बसवून सांगा, आयडी लिहून द्या. दाखल्याच्या अर्जामागे तुमचा मोबाइल नंबर लिहा. मग डायरीत त्याच्या नावापुढे दोन तारखा टाका. एक जूनमधली, प्रवेश सुरू होण्याआधीची. दुसरी मार्चमधली, तेव्हा बहुतेकांचा कापूस विकून झालेला असतो आणि पोरगा फोन उचलतो.